मुंबई ते गोवा शिडाच्या बोटीने : अनोळखी किनाऱ्यावरील पाच दिवसांच्या सागरप्रवासाचे नियोजन

मुंबई बंदरातून निघून अग्वादच्या दीपगृहाखाली नांगर टाकेपर्यंतचे अंतर सुमारे दोनशे वीस सागरी मैल भरते. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तीस-पस्तीस फुटी यॉट ताशी साडेचार ते पाच मैल चालते, म्हणजे न थांबता दोन दिवसांत गोवा गाठता येईल. मात्र ज्यांनी हा किनारा समुद्राच्या बाजूने कधीच पाहिलेला नाही, त्यांनी पहिल्या वेळी तरी तसे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसा चालावे, संध्याकाळपूर्वी खाडीत शिरावे, रात्री झोपावे आणि पाच दिवसांत पोहोचावे. हा लेख अशा प्रवासाच्या आखणीविषयी आहे. मुंबई बंदरात आणि आसपास दोन-तीन मोसम शीड हाताळलेले, बोट उत्तम ओळखणारे, पण अलिबागच्या दक्षिणेला कधीही न गेलेले लोक मी वाचक म्हणून समोर धरले आहेत.

आखणीची माझी पद्धत एका वाक्यात सांगता येते. प्रत्येक दिवसाचा हिशेब पोहोचण्याच्या वेळेपासून मागे मोजत जावा. कोकणात मोकळ्या समुद्रावर, योग्य हंगामात, फारसे काही बिघडत नाही. बिघडते ते खाडीच्या तोंडाशी. बहुतेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो, तो दर पावसाळ्यात थोडा सरकतो, आणि चुकीच्या वेळी तिथे गेल्यास ओहोटीचे बाहेर येणारे पाणी व वायव्येच्या लाटा समोरासमोर येऊन उभ्या, फुटणाऱ्या लाटा तयार होतात. म्हणून आधी आत शिरण्याची वेळ ठरवायची आणि मग निघण्याची.

हंगामाची निवड

जून ते सप्टेंबर हा काळ पूर्णपणे वर्ज्य समजावा. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते आणि परंपरेने नारळी पौर्णिमेपूर्वी कोळी समाजही होड्या लोटत नाही. यामागे किती पिढ्यांचा अनुभव आहे हे समजण्यासाठी रामदास बोटीची आठवण पुरेशी आहे : १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ही बोट बंदरापासून काही मैलांवर, काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. ती आपल्या यॉटपेक्षा कितीतरी मोठी वाफेची बोट होती.

पाऊस संपला म्हणजे समुद्र लगेच मोकळा झाला, असेही नाही. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन काळ असतात, एक मोसमी पावसापूर्वीचा आणि दुसरा त्यानंतरचा. फयान ११ नोव्हेंबर २००९ ला आले, ओखी डिसेंबर २०१७ च्या सुरुवातीला किनाऱ्याजवळून गेले, तौक्ते मे २०२१ मध्ये, आणि निसर्ग ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आले. या तारखा पाहिल्या की डिसेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ सर्वांत निर्धास्त का मानतात हे कळते. मार्चपासून दुपारचा वारा जोर धरू लागतो आणि एप्रिल-मे मध्ये उन्हाने माणसे लवकर थकतात.

हिवाळ्यात या किनाऱ्यावर वाऱ्याचे एक दैनंदिन चक्र असते आणि सगळी आखणी त्यावर उभी राहते. मध्यरात्रीनंतर जमिनीवरून मतलई वारा सुटतो. तो ईशान्येचा किंवा पूर्वेचा, हलका, पण किनाऱ्यालगत स्थिर असतो. सकाळी नऊ-दहानंतर तो मरतो, दोन-तीन तास समुद्र तेलासारखा पडतो, आणि दुपारी बारा-एकच्या सुमारास वायव्येचा खारा वारा येतो, जो दहा ते पंधरा नॉटपर्यंत (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) चढून सूर्यास्तानंतर ओसरतो. दक्षिणेला जाणाऱ्या बोटीला हे चक्र फार अनुकूल आहे, कारण पहाटेचा वारा बाजूने आणि दुपारचा पाठीमागून मिळतो. मधल्या शांत वेळेसाठी इंजिन लागणारच, हे गृहीत धरून डिझेल भरावे.

तिथी आणि पाणी

आता या आखणीच्या गाभ्याकडे येतो, आणि इथे जरा थांबतो. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब असा की तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. येणारे उत्तर म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हे तास दुपारचे आणि रात्रीचे दोन्ही धरावेत, कारण दिवसातून दोन भरत्या येतात. हा हिशेब मुंबईच्या परिसराला चांगला लागू पडतो. दक्षिणेकडे जाल तशी भरती मुंबईपेक्षा लवकर येते आणि तिची उंचीही कमी होत जाते : मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढ-उतार करते, तर गोव्यात हा फरक साधारण दोन मीटरच्या आसपास राहतो. म्हणून तिथीचा हिशेब दिवस निवडण्यासाठी वापरावा आणि नेमक्या वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकातून घ्याव्यात.

या साध्या गणितातून एक गोष्ट निघते, जी नवख्या नाविकांच्या लक्षात सहसा येत नाही. अमावास्या आणि पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या आगेमागे असते, म्हणजे संध्याकाळी सहाला ओहोटी, आणि तीही महिन्यातली सर्वांत खोल ओहोटी. दिवसभर चालून थकलेली बोट संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी येते त्याच वेळी दांड्यावर पाणी सर्वांत कमी असते आणि त्याआधीचे तीन-चार तास ते वेगाने बाहेर धावत असते. याउलट तृतीयेपासून अष्टमीपर्यंत भरती दुपारी सव्वादोन ते संध्याकाळी सहाच्या दरम्यान येते, पाणी भांगाकडे, म्हणजे कमी चढ-उताराच्या दिवसांकडे, झुकत असल्याने प्रवाहही मंद होत जातात, आणि दुपारी त्याआधी पोहोचणाऱ्या बोटीला चढते पाणी मिळते. आपला प्रवास याच खिडकीत बसवावा.

शुद्ध पक्ष की वद्य, हा प्रश्न उरतो. मी वद्य पक्ष निवडतो. आपण पहाटे तीन-पाचला अनोळखी नांगरवाड्यातून निघणार आहोत. वद्य तृतीयेपासून सप्तमीपर्यंत त्या वेळी चंद्र आकाशात असतो आणि आजूबाजूच्या दिवे नसलेल्या होड्या, बोये (पाण्यावर तरंगत्या खुणा) व दोर नजरेला पडतात. शुद्ध पक्षात त्या वेळेपर्यंत चंद्र मावळलेला असतो.

ही गोष्ट मी किंमत मोजून शिकलो. पहिल्या वर्षी आम्ही सुट्टीच्या सोयीने निघालो होतो आणि पंचांगाकडे पाहिले नव्हते. अमावास्येच्या संध्याकाळी सहाच्या सुमारास रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या एका खाडीबाहेर पोहोचलो. जीपीएसवर मार्ग स्वच्छ दिसत होता, पण समोर तोंडाच्या पूर्ण रुंदीभर पांढरी रेघ होती. ती सरकत नव्हती. एकाच जागी उठत होती आणि विझत होती. मासे घेऊन परतणारी एक होडी खाडीबाहेर पाण्याची वाट पाहत थांबली होती. तिच्या तांडेलाने दोन्ही हात आडवे हलवले आणि जवळ येऊन ओरडून सांगितले, "दादा, आत्ता आत घालू नका. पाणी खाली चाललंय, तोंडावर फुटतंय. इथंच नांगर टाका, सकाळी भरतीला आमच्या मागून या." रात्रभर आम्ही उघड्यावर आठ मीटर पाण्यात डोलत काढली, कोणी झोपले नाही. सकाळी साडेदहाला त्यांच्या मागून आत जाताना तो पिछाडीवर उभा होता आणि हाताने दाखवत होता : देवळाचा कळस आणि त्यामागच्या टेकडीवरचे एकुलते झाड एका रेषेत येईपर्यंत उजवीकडे, रेषेत आल्यावर सरळ. झाड कळसाच्या डावीकडे सरकले की तो हात खाली करी आणि आम्ही सुकाणू किंचित फिरवत असू. खोलीमापकावर संपूर्ण वाटेत अडीच मीटरपेक्षा कमी आकडा आला नाही. नकाशावरचा मार्ग त्या रेषेपासून बराच दूर होता.

नकाशे आणि त्यांच्या मर्यादा

भारतीय किनाऱ्याचे अधिकृत सागरी नकाशे देहरादून येथील राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय तयार करते. संपूर्ण मार्गाचा एक लहान प्रमाणाचा नकाशा आणि ज्या बंदरांत थांबणार आहात त्यांचे मोठ्या प्रमाणाचे नकाशे कागदावर घ्यावेत; इलेक्ट्रॉनिक नकाशा त्याच्या जोडीला असावा. याच कार्यालयाकडून पंधरवड्याला निघणाऱ्या नाविकांसाठीच्या सूचना पाहून दिव्यांतील बदल, नवी बांधकामे आणि नौदलाच्या सरावाची क्षेत्रे नकाशावर पेन्सिलीने नोंदवावीत. नकाशा जुन्या सर्वेक्षणावर आधारलेला असेल तर त्याची मापनाची बैठक जीपीएसच्या बैठकीहून वेगळी असू शकते आणि स्थानात काहीशे मीटरचा फरक पडू शकतो. नकाशाच्या कोपऱ्यातील टीप वाचल्याशिवाय त्यावर जीपीएसचे अक्षांश-रेखांश मांडू नयेत.

खाडीच्या तोंडांसाठी मी आणखी एक साधन वापरतो. उपग्रहाची गेल्या दोन-तीन वर्षांची, पावसाळ्यानंतरची छायाचित्रे काढून शेजारी ठेवावीत. लाटा कुठे फुटतात ती पांढरी रेघ आणि गढूळ पाण्याचा पट्टा कुठून बाहेर पडतो, हे त्यांत स्पष्ट दिसते, आणि दांडा कोणत्या बाजूला सरकत आहे याचा अंदाज येतो. त्याने खोली कळत नाही. पण कुठे जाऊ नये हे कळते.

खोलीचा हिशेब कागदावर करून ठेवावा. नकाशावरील आकडे अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेले असतात, त्यात त्या वेळच्या पाण्याची उंची मिळवायची. भरती साधारण सहा तासांत चढते आणि ती समान चढत नाही : पहिल्या तासात बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि शेवटच्यात पुन्हा एक. समजा ओहोटी १.० मीटर आणि भरती ३.४ मीटर आहे. फरक २.४, म्हणजे प्रत्येक भाग ०.२ मीटर. ओहोटीनंतर चार तासांनी नऊ भाग चढलेले असतील, म्हणजे पाण्याची उंची २.८ मीटर. दांड्यावर नकाशा १.२ दाखवत असेल तर एकूण खोली ४.० मीटर. बोटीची कील, म्हणजे तळाचा सर्वांत खालचा भाग, १.६ मीटर खाली जाते, लाटेच्या खळग्यासाठी अर्धा मीटर सोडला, तर कीलखाली १.९ मीटर उरतात. मी कमीत कमी एक मीटर उरला पाहिजे असे धरतो, आणि सर्वेक्षण जुने असेल तर दीड. आणि नेहमी चढत्या पाण्यात शिरतो, म्हणजे चुकून रुतलोच तर पाणीच उचलून बाहेर काढते.

पाच दिवसांची मांडणी

पहिला दिवस, वद्य तृतीया, मुंबई ते दिघी, सुमारे चाळीस मैल. पहाटेची भरती सव्वादोनला होते आणि त्यानंतरची ओहोटी तुम्हाला बंदराबाहेर नेते, म्हणून साडेचार-पाचला निघावे. या दिवशीचा सर्वांत कठीण भाग पहिल्या तीन तासांतच आहे. कुलाब्याच्या नैर्ऋत्येचा प्राँग्ज रीफ, मोठ्या जहाजांचा मार्ग, नांगरलेली जहाजे आणि मागील शहराच्या दिव्यांत हरवणारे बोयांचे दिवे, हे सगळे एकाच वेळी येते. पंधरा नॉटने येणारे जहाज एक मैल चार मिनिटांत कापते, त्यामुळे जहाजांचा मार्ग ओलांडायचाच असेल तर काटकोनात आणि एका दमात ओलांडावा. पुढे थळचे खडक, खांदेरी आणि उंदेरी येतात. खांदेरीवरील दीपगृहाला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे आणि पहाटे तोच सर्वांत विश्वासाचा दिवा ठरतो. खांदेरी बाहेरून, पश्चिमेकडून ठेवावे, आणि तसेच पुढे अलिबाग-चौलसमोरील चौल कडूचा खडकाळ भाग टाळून मुरूडकडे वळावे. पद्मदुर्ग आणि जंजिरा दिसू लागले की पुढे राजपुरी खाडीचे रुंद तोंड आहे. दुपारी दीड-दोनला चढत्या पाण्यात आत शिरून, बंदराच्या जहाजांचा मार्ग मोकळा ठेवून, दिघीच्या बाजूला नांगर टाकावा.

दुसरा दिवस, चतुर्थी, दिघी ते जयगड, साठ मैल. हा सर्वांत लांब टप्पा आहे आणि निर्णयाचा खरा दिवसही हाच. पहाटे तीनला निघावे. ताशी साडेचार मैल धरले तर सव्वातेरा तास लागतात आणि दुपारी सव्वाचारला जयगड येते. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे हाताशी दोन तास उरतात. म्हणून आदल्या रात्रीच नकाशावर लिहून ठेवावे : सकाळी अकरापर्यंत हर्णैचा सुवर्णदुर्ग बरोबरीला आला नाही, तर जयगडचा विचार सोडून दाभोळला जायचे. हर्णैपासून दाभोळ चौदा मैल, म्हणजे तीन तास. दोनच्या आसपास, भरतीच्या शेवटच्या तासात, तुम्ही वाशिष्ठीच्या तोंडाशी असता आणि दांडा ओलांडण्यासाठी त्या दिवशी त्याहून चांगली वेळ नाही. असा निर्णय समुद्रावर दुपारी, वारा मागून छान भरलेला असताना, कोणालाही घ्यावासा वाटत नाही. म्हणून तो आधी, जमिनीवर बसून घ्यायचा आणि घड्याळाच्या स्वाधीन करायचा. टाळकेश्वरचे दीपगृह दाभोळच्या दक्षिणेला उंचावर आहे आणि दूरवरून ओळखू येते. जयगडला पाणी खोल आहे, मोठी जहाजे येतात. तिथे उशिरा पोहोचल्यास भरतीची चिंता कमी, पण जहाजांची अधिक.

तिसरा दिवस, पंचमी, जयगड ते विजयदुर्ग, शेहेचाळीस मैल. पाचला निघून सव्वातीनच्या सुमारास पोहोचता येते. रत्नागिरी वाटेत वीस मैलांवर आहे आणि काही बिघडल्यास डॉक्टर, मेकॅनिक व डिझेल मिळण्याचे ते सर्वांत सोयीचे ठिकाण आहे. मात्र मिरकरवाड्याच्या मासेमारी बंदरात होड्यांची इतकी दाटी असते की गरज नसताना यॉट आत घालू नये. विजयदुर्ग हे माझ्या मते या संपूर्ण मार्गावरील सर्वोत्तम आसऱ्याचे बंदर आहे. किल्ल्याला वळसा घालून वाघोटन खाडीत शिरले आणि किल्ल्याच्या पूर्वेला आले की वायव्येचा वारा आणि लाटा तटबंदीमागे अडतात, आणि दिवसभराचा आवाज एकदम थांबतो. आंग्र्यांच्या आरमाराने हीच जागा का निवडली, हे तिथे नांगर टाकून बसल्यावर कोणाच्याही लक्षात येते.

चौथा दिवस विश्रांतीचा. अकराच्या सुमारास निघून अकरा मैलांवरच्या देवगडला जावे. देवगडच्या बंदरात उत्तरेकडून शिरायचे असते आणि आत चांगला आसरा आहे. शिडे, दोर, इंजिनाचे पाणी-तेल तपासावे, पाणी भरावे, आणि लवकर झोपावे.

पाचवा दिवस, सप्तमी, देवगड ते अग्वाद, अठ्ठावन्न मैल, पुन्हा पहाटे तीनला. देवगड-मालवण पट्ट्यात किनाऱ्याजवळ जाऊ नये. सिंधुदुर्गाभोवती पाण्याखालचे खडक इतके विखुरलेले आहेत की पहिल्या फेरीत स्थानिक माहितगाराशिवाय मालवणात शिरण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. वेंगुर्ला रॉक्स साधारण निम्म्या वाटेवर येतात. त्यांच्या आणि किनाऱ्याच्या मधूनही वाट आहे. पहिल्या वेळी बाहेरून, भरपूर अंतर ठेवून, उजेडात जावे, आणि तीनला निघाल्यास त्या वेळी सकाळचे नऊ-दहा वाजलेले असतात. दुपारी चारच्या सुमारास अग्वादचा डोंगर आणि त्यावरचे दीपगृह समोर येते. मांडवीच्या तोंडाशी दांडा आहे. भरतीच्या शेवटच्या दोन तासांत, बोयांचा मार्ग धरून जावे. लाटा फुटताना दिसल्या तर हट्ट न धरता मुरगावच्या खोल मार्गाकडे वळावे.

या मांडणीत आणखी एक फायदा आहे. बहुतेक खाड्यांत आपण दुपारनंतर, पूर्वेकडे तोंड करून शिरतो, म्हणजे सूर्य पाठीमागे राहतो आणि पाण्याचा रंग, फेस, बोये स्वच्छ दिसतात.

जाळी

किनाऱ्यापासून चार ते सहा मैल बाहेर राहिल्यास खडकांचा प्रश्न जवळजवळ मिटतो, पण जाळ्यांचा मिटत नाही. रायगडपर्यंत डोल जाळी आहेत; ती एका जागी बांधलेली असतात आणि पिंप किंवा मोठे बोये त्यांची खूण सांगतात. दक्षिणेला वाहती जाळी, ट्रॉलर आणि पर्ससीन (माशांच्या थव्याला वेढा घालणारी जाळी) भेटतात. रात्री जाळ्याच्या टोकांना लुकलुकणारे छोटे दिवे असतात. दोन दिवे दिसले तर मधे जाळे आहे असे धरून एका टोकाला वळसा घालावा. होडीवरचा माणूस बॅटरीने खूण करत असेल तर तो नेहमी काहीतरी सांगत असतो, वेग कमी करून समजून घ्यावे. पंख्यात दोर अडकला तर इंजिन ताबडतोब बंद करावे, शीड वर असू द्यावे आणि बोट स्थिर झाल्याशिवाय कोणी पाण्यात उतरू नये. धारदार सुरी, पोहण्याचा मुखवटा आणि लांब दांड्याची आकडी हाताशी असावी. शक्य असेल तिथे जाळे न कापता सोडवावे; ते कोणाच्या तरी घरचे महिन्यांचे उत्पन्न असते.

हवामान, आणि न निघण्याचे आकडे

निघण्याच्या पाच दिवस आधीपासून रोज भारतीय हवामान विभागाचे किनारी बुलेटिन व मच्छीमारांसाठीचे इशारे, आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे लाटांचे अंदाज पाहावेत. माझे न निघण्याचे आकडे ठरलेले आहेत : वीस नॉटहून अधिक वाऱ्याचा अंदाज, दोन मीटरहून उंच लाटा, उंच लाटांचा कोणताही इशारा, किंवा अरबी समुद्रात कुठेही कमी दाबाचे क्षेत्र तयार होत असल्याची बातमी. यांपैकी एक जरी असेल तरी थांबायचे. हिवाळ्यात आणखी एका गोष्टीकडे लक्ष असावे. अरबस्तानच्या बाजूला शमाल वारे सुटले की त्यांच्या लांब लाटा वायव्येकडून कोकणापर्यंत येतात. इथे वारा पडलेला असतो, आकाश निरभ्र असते, आणि तरीही खाडीच्या तोंडाशी पाणी फुटत असते. केवळ वाऱ्याचा अंदाज पाहणाऱ्याला हे कळत नाही.

नांगर, संपर्क, कागदपत्रे

नांगराची साखळी भरतीच्या खोलीवरून मोजावी. ओहोटीला तीन मीटर पाणी, भरतीचा फरक तीन मीटर आणि नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची एक मीटर असेल तर सात मीटरच्या पाचपट, म्हणजे पस्तीस मीटर साखळी सोडावी. दोर असेल तर सातपट. नांगर टाकल्यावर इंजिन मागे देऊन तो बसला आहे याची खात्री करावी, आणि किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून अर्ध्या तासाने पुन्हा पाहाव्यात. आत येतानाचा जीपीएसवरील माग जतन करून ठेवावा, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात तोच उलटा धरून बाहेर पडायचे असते.

व्हीएचएफ रेडिओ संच चॅनेल १६ वर सतत चालू असावा. तटरक्षक दलाचा आपत्कालीन क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे आकडे केबिनच्या दारावर ठळक लिहावेत. परवान्याशिवाय उपग्रह फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र भारतात बाळगता येत नाही. परदेशांतून आलेल्या मराठी मित्रांना बोटीवर घेत असाल तर हे त्यांना आधीच सांगावे, कारण तिकडे अशी यंत्रे गिर्यारोहक सर्रास वापरतात. बोटीची नोंदणी, विमा आणि सर्वांची ओळखपत्रे जलरोधक पिशवीत ठेवावीत. किनाऱ्यावर २००८ नंतर गस्त वाढली आहे आणि तपासणीला थांबवले जाणे स्वाभाविक आहे. निघण्यापूर्वी बंदराच्या कार्यालयात आणि महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या स्थानिक अधिकाऱ्याकडे मार्ग, तारखा व माणसांची नावे देऊन ठेवल्यास हे सोपे होते.

घरी एका जबाबदार व्यक्तीकडे याच मार्गाची प्रत असावी, प्रत्येक टप्प्यापुढे पोहोचण्याची वेळ आणि त्यापुढे अंतिम वेळ लिहिलेली. त्या अंतिम वेळेपर्यंत फोन आला नाही तर वाट न पाहता १५५४ ला कळवायचे, हे तिच्याशी स्पष्ट बोलून ठेवावे. आई-वडील किंवा जोडीदारापेक्षा बोट जाणणारा मित्र या कामाला बरा, कारण घाबरून तो लवकर फोन करणार नाही आणि संकोचाने उशीरही लावणार नाही.

पाण्याचे प्रमाण माणशी दिवसाला चार लिटर धरावे आणि ते एकाच टाकीत न ठेवता कॅनमध्येही विभागावे. डिझेल तीन भागांत मोजावे : एक जाण्यासाठी, एक परतण्यासाठी आणि एक न वापरण्यासाठी. अंधारात डेकवर येणाऱ्या प्रत्येकाने लाइफजॅकेट घालावे आणि हार्नेसची कडी अडकवावी, समुद्र कितीही शांत असला तरी.

परतीची आखणी

गोव्याहून परत येताना हीच योजना उलटी वाचून चालत नाही. दुपारचा वायव्येचा वारा आता नाकासमोर असतो आणि त्याच्याविरुद्ध आडवेतिडवे जाताना अंतर जवळजवळ दीडपट होते. म्हणून परतीचे टप्पे वीस ते तीस मैलांचे धरावेत, मध्यरात्रीनंतर एक-दोनच्या सुमारास मतलई वाऱ्यावर निघावे, किनाऱ्यापासून तीन-चार मैलांत राहावे कारण तो वारा त्यापलीकडे विरळ होतो, आणि सकाळी अकराच्या आत, खारा वारा सुटण्यापूर्वी, पुढच्या खाडीत असावे. त्या वेळी चढते पाणी हवे असेल तर भरती अकरा-बाराला येणारे दिवस लागतात, म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्या आणि त्यांच्या आगेमागेचा एखादा दिवस. आणि रात्रीच्या उजेडासाठी त्यांतली पौर्णिमाच घ्यावी. मात्र सकाळी पूर्वेकडे तोंड करून शिरताना सूर्य डोळ्यांत येतो. म्हणून जाताना जपून ठेवलेले प्रत्येक खाडीचे माग, खोलीचे आकडे आणि जुळवलेल्या खुणा यांची वही त्या वेळी सुकाणूपाशी उघडी असली पाहिजे.